लोखंडाची जात विचारा

(सुगी आटोपल्यावर गावच्या चावडीपुढे भरलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



मागल्या पौषात आमच्या आळीतली एक ऐरण भंगारवाल्याच्या काट्यावर चढली. तीन पिढ्या त्या ऐरणीवर गावाचे फाळ, पास, विळे, कुऱ्हाडी निघाल्या होत्या. विकणारा तरुण माझाच विद्यार्थी. मी त्याला विचारले, "बाबा रे, ऐरण का विकतोस?" तो म्हणाला, "गुरुजी, घण फुटलाय, सांडशी दोनच उरल्यात, भाता फाटलाय. नवा संच आणायला पैसा नाही. एकटी ऐरण ठेवून तिची काय पूजा करू?"

मला उत्तर सुचले नाही. मी त्याच्याबरोबर उभा राहिलो आणि काटा पाहत राहिलो. काट्याच्या मागे भंगाराचा हा एवढा ढीग होता. त्यात मालमोटारीचे कमानपाटे होते, तुटका आख होता, ब्रेकचा ड्रम होता, झिजलेल्या कानशी, बेअरिंगच्या कड्या, रस्ता फोडायच्या यंत्राची बोथट टोके, सगळे होते. म्हणजे त्या पोराचा मोडलेला संच त्याच ढिगात पडला होता, फक्त घडवायचा राहिला होता! हे त्याला दिसले नाही, आणि शिकल्यासवरल्या मास्तरालाही दिसले नाही. मला ते रात्री भाकरी खाताना सुचले. सकाळी उठून धावत गेलो, तो ऐरण पुढच्या गाडीत भरून निघून गेली होती. त्या चुकीची भरपाई म्हणून मी आज तुमच्यापुढे उभा आहे.

आता तुम्ही म्हणाल, खडू धरणाऱ्याने आम्हाला घण शिकवावा काय? तर मंडळी, मी लोहाराचा मुलगा. आठ वर्षांचा होईपर्यंत भात्याची दोरी माझ्या हातात होती. पुढे वडिलांनी ती काढून घेतली आणि पाटी दिली. त्या पाटीवरून मी मराठी अध्यापक विद्यालयापर्यंत गेलो. तेथे आम्हाला 'गावचे कारागीर' या पाठाचा तक्ता रंगवायला लावला. मी ऐरण अशी झोकात रंगवली की पैकीच्या पैकी गुण मिळाले. पण ऐरण कशाची असते, चांगल्या ऐरणीवर हातोडा उसळी का घेतो आणि वाईटावर मेल्यासारखा का पडतो, हे मला कोणी विचारले नाही. आणि मला ठाऊक असून मीही सांगितले नाही. हात काळे करणाऱ्याची विद्या चित्र करून भिंतीवर टांगायची, पण विद्या म्हणून शिकवायची नाही, ही आपल्या शाळांची जुनी खोड आहे. त्या खोडीत माझा वाटा आहे, तो मी लपवीत नाही.

भंगार म्हटले की काही जण नाक मुरडतात. "टाकलेल्या लोखंडाची अवजारे ती कसली?" म्हणतात. अशांना मी एक गोष्ट सांगत असतो. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि बाहेरून येणारे लोखंड दुर्मिळ झाले. किर्लोस्करवाडीचा नांगराचा कारखाना अडला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी संस्थानातल्या जुन्या तोफा त्या कारखान्याला दिल्या आणि त्या वितळवून शेतकऱ्यांचे नांगर झाले. राजाने तोफा भंगारात काढल्या म्हणून त्याची अब्रू गेली काय? उलट त्या तोफांनी किल्ल्यावर पडून जेवढे केले नसेल तेवढे काम नांगर होऊन केले. मग मालमोटारीच्या पाट्याचा घण झाला तर लोहाराने लाजावे कशाला?

मात्र एक अट आहे, आणि सगळे भाषण त्या एका अटीसाठी आहे. माणसाची जात विचारू नये, हे आपल्याला थोरांनी शिकवले. लोखंडाची जात मात्र विचारल्याशिवाय त्याला भट्टीत घालू नये. आणि लोखंडाची जात त्याच्या जन्मावरून किंवा दुकानावरून ठरत नाही; त्याच्या पोटात कोळशाचा अंश किती आहे, यावर ठरते. ह्या अंशाला कार्बन म्हणतात. शंभर किलो लोखंडात पाव किलोच्या आतबाहेर कार्बन असला, तर ते नरम लोखंड. घराच्या सळया, अँगल, गज हे बहुतेक त्यातले. ते हवे तसे वाकते, पण कितीही पाणी द्या, त्याला धार टिकत नाही. शंभर किलोत अर्धा किलो किंवा थोडा अधिक असला, तर ते कमानपाट्याचे पोलाद. रेल्वेच्या रुळात किती, हे आमच्या आबांना समजेल म्हणून तोळ्यांत सांगणार होतो. पण तोळ्याचा हिशेब आता सोनाराकडेच राहिला, म्हणून सहाशे ते आठशे ग्रॅम म्हणा. बेअरिंगमध्ये एक किलो, चांगल्या कानशीत एक किलोहून थोडा जास्त. आणि शंभर किलोत अडीच-तीन किलोच्या वर गेला की ते झाले बीड. बीड ओतता येते, ठोकता येत नाही. तापवून घण मारलात तर ढेकळासारखे फुटेल. ब्रेकचा ड्रम बिडाचा असतो, म्हणून त्यावर घण घालू नका. पण त्याला उलटा करून खाली लोखंडी नळी जोडलीत, तर त्याची नामी भट्टी होते. जो जसा आहे, त्याला तसे काम द्या.

ही जात ओळखायची कशी? भंगारावर काही लिहिलेले नसते. पण लोखंड स्वतः बोलते. गावात वेल्डिंगचे दुकान असेल तेथे ग्राइंडर असतो. त्याच्या फिरत्या दगडाला तुकडा लावा आणि ठिणग्या पाहा. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात, पावसाच्या धारेसारख्या. फुलबाज्या फारशा फुटत नाहीत. पोलादाच्या ठिणग्या मध्येच फुटून चांदण्या होतात. कार्बन जेवढा जास्त तेवढ्या चांदण्या दाट. बिडाच्या ठिणग्या आखूड, तांबूस, मेलेल्या. पहिल्या दिवशी चुकाल. म्हणून ज्याची जात ठाऊक आहे असे दोन-तीन तुकडे खिशात ठेवा, एक सळईचा, एक कानशीचा. अनोळखी तुकडा त्यांच्या शेजारी लावून ताडून पाहा. आमच्या पाचवीची पोरे आठवड्यात हे शिकली.

याहून पक्की परीक्षा म्हणजे एक बोटभर पट्टी कापून ती लाल करायची आणि तेलात किंवा पाण्यात विझवायची. मग फडक्यात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून, हातोड्याने मोडायची. नुसती वाकली तर नरम. काचेसारखी टचकन मोडली आणि आत राखाडी रेशमासारखा बारीक पोत दिसला, तर उत्तम पोलाद, आणि तुम्ही तापवलेही बेताने. आत साखरेच्या दाण्यासारखे चमकते खडे दिसले, तर पोलाद चांगले असून तुम्ही ते जाळलेत. दोष लोखंडाला देऊ नका.

आता मी तुम्हाला माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून हे सगळे तुम्हाला मास्तराची बडबड वाटेल.

माझे वडील हातात घेतलेल्या लोखंडाचा आवाज ऐकून सांगत, हे बैलगाडीच्या धावेचे, हे जुन्या नांगराचे. त्यांच्या लहानपणी गावात भंगार म्हणजे धाव, कड्या, साखळ्या, मोटेची लोखंडे. ते सारे नरम. त्याची सांडशी केली आणि ती तापल्यावर शंभरदा कुंडीत बुडवली, तरी तिला काही होत नसे. पुढे डांबरी रस्ता आला, मालमोटारी आल्या, आणि भंगारात पाटे येऊ लागले. वडिलांनी पाट्याच्या कुऱ्हाडी केल्या, त्या धारेला अशा टिकल्या की पंचक्रोशीतून माणसे येऊ लागली. मग त्यांना वाटले, एवढे बळकट लोखंड, तर याची सांडशीही करू. केली. सुंदर झाली. मृग तोंडावर आला होता, दारात फाळ पाजवायला रांग लागलेली. सांडशीचे तोंड लालसर झाले, ते त्यांनी सवयीने कुंडीत बुडवले आणि पुन्हा फाळ धरला. माझ्या चुलत्यांनी घण घातला. सांडशीचा जबडा काचेसारखा तुटला आणि लाल फाळ वडिलांच्या पावलावर पडला. ते पुढे जन्मभर लंगडत चालले.

वडील अडाणी नव्हते. त्यांची विद्या खरी होती. पण ती जुन्या लोखंडाची होती. ढिगातले लोखंड बदलले आणि ते बदलले हे सांगायला त्यांच्याकडे कोणी आले नाही. ते ज्ञान छापील पुस्तकांत होते, आणि ती पुस्तके वाचणाऱ्यांचा आमच्या आळीत पाय लागत नव्हता. माझ्या हातात पाटी का दिली, हे मला त्या दिवशी कळले. पाटीवरून परत भट्टीकडे यायला मात्र मला पुष्कळ वर्षे लागली.

म्हणून पहिली गोष्ट ही ध्यानात ठेवा: सांडशी नरम लोखंडाचीच करावी. बोटाएवढ्या जाडीचा साधा गज घ्या. पाट्याचे पोलाद सांडशीला नको. सांडशी वेड्यावाकड्या आकाराची धरायची असते, तिला धार लागत नाही, तिला चिवटपणा लागतो. आणि सांडशी विकत घेण्याची वस्तूच नव्हे. फाळ धरायची वेगळी, गोल गज धरायची वेगळी, खुरप्याचे पाते धरायची वेगळी. ज्याची सांडशी कामाला बसत नाही त्याच्या हातून तापले लोखंड सुटते. दहा सांडशी असलेला लोहार श्रीमंत समजावा, मग त्याच्या घरावर पत्रा असो की नसो.

पाट्याचे काय करावे? छिन्नी करावी, कुऱ्हाड करावी, विळा आणि कोयता करावा, ऐरणीच्या भोकात उभी बसवून तापले लोखंड तोडायची छिन्नी करावी. पण पाटा घेताना नीट पाहा. तो वर्षानुवर्षे खड्ड्यांवर वाकून वाकून थकलेला असतो, त्यात केसाएवढ्या भेगा असतात. घासून, रॉकेलचा हात फिरवून, पुसून पाहा. भेगेत रॉकेल राहते आणि मग तेथे ओल उमटते. भेग असलेला भाग कापून टाका. पाटा पाण्यात विझवू नका, तडकेल. तेलात विझवा. गाडीचे जळके तेल बरेच जण वापरतात, पण त्याचा धूर विषारी. त्यापेक्षा भजी तळून उरलेले तेल बरे. ते जरा कोमट करून घ्यावे. बोट घालवेल न घालवेल इतके. आणि डब्याला लोखंडी झाकण हवे, कारण कधी कधी तेल पेटते. पेटल्यावर पाणी ओतू नका, झाकण टाका.

पाणी केव्हा द्यायचे, हा लोहाराच्या डोळ्याचा मामला. पण डोळा तयार होईपर्यंत चुंबकाची मदत घ्या. भंगारातल्या मोडक्या स्पीकरमध्ये चुंबक असतो, तो काठीला बांधा. लोखंड सुमारे ७७० अंशांवर गेले की त्याला चुंबक चिकटत नाही. चिकटणे थांबले की आणखी किंचित तापवा आणि लगेच विझवा. हे काम सावलीत, तिन्हीसांजेला करावे. उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि माणूस फसून जास्त तापवतो. आपल्या जुन्या लोहारांच्या शाळा अंधाऱ्या असत, त्या काही केवळ दारिद्र्यामुळे नव्हे.

विझवल्यावर काम संपले, असे समजणारे पुष्कळ आहेत. तेथेच त्यांची छिन्नी फुटते. विझवलेले पोलाद काचेसारखे असते. त्याचा थोडा कडकपणा काढून त्याला चिवटपणा द्यावा लागतो. धारेकडचा भाग दगडावर घासून चकचकीत करा आणि पाठीकडून हळू हळू ऊब द्या. मग चकाकीवर रंग चालत येतात: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग पिकल्या जांभळाचा, मग निळा. लोखंड कापायच्या छिन्नीला आणि कुऱ्हाडीला जांभळा रंग धारेशी पोचला की थांबवा. खरवडायच्या हत्याराला पिवळ्यावरच थांबवा. निळा पुढे गेला तर पुन्हा पहिल्यापासून. छिन्नीचे डोके मात्र कधीही विझवू नका; ज्यावर हातोडा बसतो ते नरमच हवे. आणि मार खाऊन ते छत्रीसारखे फाकले की ग्राइंडरवर घासून टाका. त्या फाकलेल्या कडेचा तुकडा उडून डोळ्यात जातो. एका डोळ्याने पाहणारे कारागीर तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत.

मालमोटारीचा आख हा घणासाठी आणि हातोड्यासाठी फार चांगला. जाड असतो, आणि त्याचे पोलाद चिवट असते. त्यात दांड्याचे भोक पाडणे कष्टाचे. एकाने सांडशी धरावी, दुसऱ्याने सुंबा, तिसऱ्याने घण. सुंबा दोन-चार घाव झाले की पाण्यात थंड करून पुन्हा घालावा, नाहीतर तो आतच अडकून बसतो. सुंबा कशाचा? रस्ता फोडायच्या यंत्राच्या टोकाचा, किंवा मोटारीच्या जाड गुंडाळ्या स्प्रिंगचा, ती तापवून सरळ केली म्हणजे. तापल्या लोखंडात जाणाऱ्या सुंब्याला पाणी देण्यात काही अर्थ नाही; दोन घावांत त्याचे पाणी उतरते.

बेअरिंगचे लोखंड घडवायच्या नादी नवशिक्याने लागू नये. ते घणाखाली हट्ट धरते आणि विझवताना तडकते. पण त्याची कडी न घडवताच उपयोगी आहे. भोक पाडताना ती कामाखाली ठेवा. सुंबा खाली उतरायला जागा मिळते आणि ऐरणीच्या तोंडाला जखम होत नाही. आणि आतला छर्रा खिशात ठेवा. कुठे जुनी ऐरण विकाऊ दिसली तर छर्रा हातभर उंचीवरून तिच्यावर सोडा. वर उसळून आला तर ऐरण जिवंत. धप्पकन बसला तर तोंडाचे पोलाद गेलेले किंवा आत भेग. कानशीचे हत्यार करायचे तर आधी तिचे दात पूर्ण घासून काढा, नाहीतर ते दात घडवताना आत दुमडतात आणि तेथूनच पुढे भेग सुटते.

ऐरणच नसेल तर? तर रूळ. एक मीटर रुळाचे वजन ५२ किंवा ६० किलो असते. म्हणजे जाडजूड रुळाचा दीड फुटाचा तुकडा सत्तावीस किलोच्या आसपास झाला. पुष्कळ जण तो आडवा ठेवून ठोकतात आणि म्हणतात, घण झणझणतो, काम होत नाही. होणार कसे? रुळाची कंबर बारीक असते, ती घावाबरोबर लवते. रूळ उभा करा, लाकडाच्या ओंडक्यात घट्ट बसवा. मग घावाखाली सबंध लांबीचे वजन येते. तोंड लहान दिसेल, पण घण तर एका वेळी एकाच जागी पडतो ना!

पण रुळाविषयी आणखी सांगायचे आहे, आणि ते मी हळू सांगणार नाही. रूळ ही रेल्वेची मालमत्ता आहे. १९६६ चा एक कायदा आहे; रेल्वेचा माल चोरीचा असल्याचा संशय घेण्याजोग्या स्थितीत कोणाजवळ सापडला, तर तो आपल्याकडे रीतसर आला हे त्यालाच सिद्ध करावे लागते, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. चोर कोण, ते मागाहून पाहतात. ज्याच्या दारात रूळ उभा त्याला आधी नेतात. आणि गरीब लोहाराच्या दारात तो लपवताही येत नाही! म्हणून रूळ, फिशप्लेट, रुळाचे खिळे कोणी रात्री स्वस्तात आणून दिले तर हात लावू नका. लिलावात घेतलेल्या व्यापाऱ्याकडून घ्या, पावती घ्या, आणि ती पावती देव्हाऱ्यात ठेवा. मिळाली नाही तर जाड पोलादाचा गोल ठोकळा उभा करून काम चालते. ऐरण ही शिंग असलेलीच पाहिजे, हे माझ्या तक्त्यातले चित्र. कामाला वजन आणि सपाट तोंड लागते.

आता काही गोष्टी भट्टीत घालायच्याच नाहीत, त्या बायामाणसांनीही ऐकून ठेवाव्यात, कारण भाता पुष्कळदा त्यांच्या हातात असतो. जस्त चढवलेली पाण्याची नळी, पत्रा, तार तापवली की जस्त जळून पांढरा धूर निघतो. तो धूर पोटात गेला की संध्याकाळी हिवताप यावा तशी थंडी भरते, अंग मोडून येते. लोक अंगारा लावतात, दूध पाजतात. अंगारा नको, धूर टाळा. चमकता मुलामा असलेली कोणतीही वस्तू तशीच समजा. आणि दोन्ही तोंडे बंद असलेली नळी, गाडीचा शॉकअप, गॅसची टाकी ही भट्टीत म्हणजे सुरुंग. आतले तेल आणि हवा तापून नळी फुटते. भंगारवाला तुम्हाला हे सांगणार नाही. त्याचा हिशेब किलोत असतो.

मघाशी बायांचे नाव घेतले म्हणून सांगतो. रस्त्याच्या कडेला घिसाडी लोकांची बिऱ्हाडे उतरतात, ती तुम्ही पाहिली असतील. पुरुष सांडशी धरून बसतो आणि बाई उभी राहून घण घालते, कडेला झोळीत मूल निजलेले असते. आपण मोटारसायकल थांबवून दहा रुपयांवरून तिच्याशी घासाघीस करतो. तिच्या ऐरणीकडे एकदा नीट पाहा. एवढासा ठोकळा जमिनीत रोवलेला असतो, आणि पाट्याच्या तुकड्यातून अर्ध्या घटकेत कुऱ्हाड निघते. या विद्येचे प्रमाणपत्र तिला कोणी दिलेले नाही. मी तर गेल्या वर्षी माझ्या वर्गाला त्या बिऱ्हाडापुढे नेऊन बसवले होते. एका पालकाने तक्रार केली की मास्तर मुलांना पालावर नेतात. मी त्यांना म्हणालो, तुमच्या घरचा विळा कुठे पाजवला जातो तेवढे सांगा. ते गप्प बसले.

कोणी म्हणेल, "मास्तर, सरकार आता संच देते, मग ही खटपट कशाला?" खरे आहे. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पी. एम. विश्वकर्मा योजना काढली. तिच्यातल्या अठरा धंद्यांत लोहार आहे, हातोडा व अवजारे करणाराही आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि तारणाशिवाय आधी १ लाख व मग २ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज, असे तिचे नियम ठरले. एका कुटुंबातल्या एकालाच तिचा लाभ. ज्याला मिळत असेल त्याने जरूर घ्यावा, अर्ज भरायला मी बसून देतो. हा आपल्याच कराचा पैसा आहे, मेहेरबानी नव्हे. पण त्या पैशात चांगली ऐरण आणि भात्याचा विजेवरचा पंखा घ्या. सांडशी, छिन्नी, सुंबा, घण यांवर तो पैसा घालवू नका. ती तुमच्या मनगटात आहेत. आणि पेटीत आलेला हातोडा मोडला तर दुसरा कोण देणार? हातोडा करता येणाऱ्याचा हातोडा कधी संपत नाही.

शेतकरी भावांनो, तुम्ही आतापर्यंत मजेत ऐकत बसलात. आता तुमच्याकडे वळतो. लोहाराची भट्टी विझली, ती काही एकट्या लोहाराच्या दोषाने नव्हे. बलुते गेले, ते गेले हे बरेच झाले, त्यात मान कमी आणि ताबेदारी फार होती. पण बलुत्याच्या जागी रोख मजुरी द्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही उधारीची वही काढलीत. मृगात फाळ पाजवून नेला तो दिवाळीला पैसे देऊ म्हणून, आणि दिवाळीला दर पाडून मागता. तालुक्याच्या दुकानात मात्र विळ्याचे पैसे रोख मोजता, तेथे तोंड उघडत नाही. तो विळा आपल्या काळ्या रानात एका सुगीत बोथटला तर टाकून देता. अहो, टाकता कुठे? भंगारात!

तुमच्या गोठ्यामागे पाहा. ट्रॅक्टरच्या नांगराचे झिजलेले फाळ, ट्रॉलीचे पाटे, मोडक्या कुळवाच्या पासा, मोटरीची बेअरिंगे पडलेली असतात. भंगारवाला दारावर येतो आणि मुलाला आईसकांडीपुरते पैसे देऊन घेऊन जातो. तेच लोखंड लोहाराला द्या. त्याच्याशी ठरवा: लोखंड माझे, कोळसा आणि मजुरी तुझी, एक कुऱ्हाड मला, उरलेल्यात तुझी छिन्नी. लेखी ठरवायचे तर मी लिहून देतो. यात दोघांचाही फायदा आहे आणि पैसा गावाबाहेर जात नाही. झिजलेल्या फाळाचे खुरपे किती उत्तम होते, हे आमच्या पलीकडच्या वस्तीवरच्या एका बाईने मला दाखवले. तिच्या हातातले खुरपे तिने चार वर्षे वापरले आहे.

ज्या पोराने ऐरण विकली, त्याचे काय झाले, हे मला कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगतो. तो सध्या तालुक्याला वेल्डिंगच्या दुकानात रोजावर आहे. मी त्याला गाठले, झाले गेले सांगितले. आम्ही दोघे मिळून त्याच भंगारवाल्याकडे गेलो आणि त्याच काट्यावर, या वेळी घेणाऱ्याच्या बाजूने उभे राहिलो. एक आखाचा तुकडा, दोन पाटे, चार कानशी, ब्रेकचा ड्रम आणि एक जाड ठोकळा आणला, पावतीसकट. घणाचे भोक पाडताना आमचा पहिला सुंबा वाकला, दुसरा अडकला, तिसऱ्याने काम झाले. सांडशी तीन झाल्या आहेत. जुन्या ऐरणीची आठवण निघाली की तो अजून मान खाली घालतो. मीही घालतो.

येत्या रविवारी सकाळी शाळेच्या ओसरीवर तो आणि मी बसणार आहोत. ग्राइंडर त्याच्या मालकाने एका दिवसापुरता दिला आहे. ज्यांच्या घरी लोखंडाचा अनोळखी तुकडा असेल त्यांनी तो घेऊन यावा. ठिणग्या पाहून, मोडून पाहून, त्यावर खडूने त्याची जात लिहून देऊ, आणि मुले वहीत नोंद ठेवतील. बायकांनी आणि मुलींनीही यावे. चष्मे चारच आहेत, तेव्हा आळीपाळीने पुढे यावे लागेल. शॉकअप मात्र कोणी आणू नये.